श्टुटगार्टच्या अंगणात राजगड: प्रकल्प नोंदी

काम: दिवाळीचा मातीचा किल्ला.
जागा: आमच्या इमारतीचं मागचं अंगण, सायकलींच्या छपराची मोकळी बाजू.
हात: तीन घरं, चार मुलं. पुढे वाढतील तसे.
मुदत: वसुबारसेच्या संध्याकाळी मावळे उभे राहिले पाहिजेत.

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

गणपती जाऊन आठवडा झाला. आज आमच्याकडे नाशिककर जोडपं आणि विळुपुरमची तमिळ मैत्रीण जेवायला होती, तेव्हा विषय निघाला. इथे येऊन आम्हाला सात वर्षं झाली. सातही दिवाळ्यांना फराळ केला, कंदील टांगला, पणत्या लावल्या. किल्ला मात्र एकदाही केला नाही. लेक आठ वर्षांचा आहे आणि त्याने किल्ला फक्त मामाच्या फोटोत पाहिलाय. त्याने विचारलं, "त्या डोंगराला आतून काय असतं?" मी विटा, दगड, गोणपाट असं सांगायला लागले. सांगता सांगता लक्षात आलं की ही गोष्ट बोलून कळणारी नाही.

कोणता किल्ला, यावर चर्चा रंगली. ११ जुलैला युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यामुळे यंदा त्यातलाच एक करायचा यावर एकमत होतं. नाशिककरांचा आग्रह साल्हेरचा. महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, शिवाय त्यांच्या जिल्ह्यातला. पण माझ्या भावाचा लहानपणापासूनचा नियम आहे: जो गड चढलोय तोच करायचा. साल्हेर आमच्यापैकी कुणीच चढलेलं नाही. राजगड मी गुंजवण्याच्या वाटेने किती वेळा चढले, त्याचा हिशेब नाही. राजगड ठरला.

तमिळ मैत्रीण बारा नावं शांतपणे ऐकत होती. शेवटचं नाव आलं तशी म्हणाली, "जिंजी? ते तर आमचं सेंजी! आमच्याच जिल्ह्यात." तिथून गप्पांनी वेगळीच वाट धरली. राजाराम महाराजांचा जन्म १६७० साली राजगडावर झाला. मुघलांनी रायगडाला वेढा घातल्यावर ते १६८९ मध्ये दक्षिणेला निघाले आणि जिंजीला पोचले. तो किल्ला त्यांनी १६९८ पर्यंत वेढ्यात राहून लढवला. म्हणजे आमच्या किल्ल्यावर जन्मलेल्या मुलाला तिच्या किल्ल्याने आसरा दिला. शाळेत तिला यातलं काही शिकवलं नव्हतं, आणि आम्हाला जिंजी म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातली एक ओळ एवढंच ठाऊक. तिने तिथेच जाहीर केलं की राजगडाच्या शेजारी ती छोटी जिंजी करणार. कामाची व्याप्ती पहिल्याच दिवशी दुप्पट झाली, आणि मला त्याचा फार आनंद झाला.

बाल्कनीचा पर्याय नाशिककरांनी बाद केला. ते बांधकामाचे इंजिनियर. ओल्या मातीचं वजन घनमीटरला दीड टनाच्या वर जातं, आमची बाल्कनी साठ वर्षं जुनी, आणि खाली दुसऱ्यांचं घर. अंगणच बरं.

२० सप्टेंबर, शनिवार

परवानगी. इमारतीचं व्यवस्थापन बघणाऱ्यांना मी सोमवारी पत्र लिहिलं होतं. सोबत चित्र, मापं (दीड मीटर बाय सव्वा मीटर) आणि 'माती किती दिवस राहील' याचं उत्तर. त्यांनी लेखी होकार दिला, दोन अटी घालून: सायकलींची वाट अडवायची नाही आणि २ नोव्हेंबरला अंगण होतं तसं करून द्यायचं.

जिना स्वच्छ ठेवायची अट मात्र शेजाऱ्यांची, आणि ती मला मान्य आहे. श्टुटगार्टमध्ये 'केरवोखं' नावाची रीत आहे. जिना आणि अंगण झाडायची पाळी दर आठवड्याला एकेका घराकडे येते, आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लागते. आपण केर काढतो आणि यांचाही शब्द 'केर'नेच सुरू होतो, याची लेकाला फार गंमत वाटते. किल्ल्याच्या काळात जिन्यात चिखल येणार हे उघड होतं. म्हणून मी आपणहून सांगितलं की ११ ऑक्टोबरपासून किल्ला मोडेपर्यंत पाटी आमच्याच दाराला राहू द्या. तळमजल्यावरच्या आजींनी हे यादीत पेन्सिलीने लिहून घेतलं आणि पहिल्यांदाच विचारलं, "पण तुम्ही नक्की बांधताय काय?"

२७ सप्टेंबर, शनिवार

मातीची पहिली चाचणी. फसली.

दुकानातून कुंड्यांची माती आणली होती, वीस लिटरच्या दोन पिशव्या. काळीभोर आणि हलकी. मुलांनी पाणी घालून कालवली आणि एका विटेवर लिंपली. तासाभरात घसरून खाली आली. त्या मातीत कुजलेला पाला आणि लाकडाचा भुगाच जास्त, चिकणा अंश जवळपास नाही. रोपासाठी चांगली, पण बुरुजाला निरुपयोगी. हस्तकलेच्या दुकानात कुंभाराची तयार माती मिळते, पण दहा किलोची किंमत पाहून ठेवून दिली. शिवाय विकतच्या मातीचा किल्ला मनाला पटेना. आम्ही पुण्यात माती कधी विकत घेतली? कुठे घराचा पाया खणत असले की बादली घेऊन धावायचो.

संध्याकाळी मैत्रिणीकडे गोलू बघायला गेलो. नवरात्र चालू आहे. पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या होत्या, आणि शेवटच्या पायरीखाली तिने एका परातीत छोटं उद्यान केलं होतं: वाळूची वाट, आरशाचं तळं, मोहरी आणि नाचणी उगवून केलेली हिरवळ. मी बघतच राहिले. हे तर आमच्या किल्ल्याचंच सामान! पिढ्यान् पिढ्या दोन्हीकडच्या पोरांनी परातीत नाहीतर अंगणात बी टाकून सणाच्या दिवसापर्यंत हिरवं उगवायची वाट पाहिली आहे. उगवणीचं खातं तिच्याकडे दिलं.

४ ऑक्टोबर, शनिवार

माती मिळाली.

शहराच्या दक्षिणेला, विमानतळाच्या आसपास, फिल्डर नावाचं पठार आहे. टोकदार कोबीसाठी ते प्रसिद्ध. वाऱ्याने वाहून आणलेल्या बारीक मातीचा जाड थर तिथे साठलेला आहे, म्हणून जमीन सुपीक. आम्ही दर शनिवारी ज्या शेतकऱ्याकडून भाजी घेतो, त्याच्याकडे शब्द टाकला. शेतातली माती द्यायला तो तयार नव्हता, आणि ते बरोबरच आहे. पण नव्या शेडच्या पायासाठी खणलेला ढीग गोठ्यामागे पडून होता. "यातून हवी तेवढी न्या," म्हणाला. मुठीत दाबली तर बोटांचे ठसे तसेच राहिले. रंग पिवळसर तपकिरी. नऊ बादल्या भरल्या. एकेक बादली पंधरा किलोच्या आसपास, म्हणून गाडीच्या दोन खेपा कराव्या लागल्या. पेंढा त्याने वरून दिला.

त्याने पैसे घेतले नाहीत. फराळाचा डबा पोचवायचा, हे इथे लिहून ठेवते.

५ ऑक्टोबर, रविवार

मातीच्या तीन वड्या थापून ठेवल्या: एक नुसती, एक चौथा हिस्सा वाळू घालून, एक वाळू आणि बारीक कापलेला पेंढा घालून.

इथली मुख्य अडचण ऊन आहे. पुण्यात ऑक्टोबरचं ऊन असं की सकाळी लिंपलेला बुरूज दुपारी खणखणीत वाजतो. इथे दिवसा बारा-तेरा अंश, हवेत ओल आणि अंगणात सावली. माती वाळायला चार-पाच दिवस धरावे लागतील. म्हणजे वसुबारसेच्या आधीच्या शनिवार-रविवारीच सगळं बांधकाम उरकलं पाहिजे. १८ तारखेच्या भरवशावर राहिलो असतो तर दिवाळीभर ओल्या चिखलाचा ढीग बघावा लागला असता.

८ ऑक्टोबर, बुधवार

वड्या पाहिल्या. नुसत्या मातीची आरपार तडकली. वाळूवालीला केसासारख्या भेगा. पेंढा घातलेली अखंड. सूत्र ठरलं.

अळिवाची बातमी याहून मोठी आहे. पुण्याहून लाडवांसाठी आणलेले अळीव एका बशीत ओल्या कापसावर टाकले होते. दुसऱ्या बशीत इथल्या दुकानातलं 'क्रेसे'चं बी. मैत्रिणीने शंका काढली होती की ही दोन्ही एकच असावीत. आज तिसऱ्या सकाळी दोन्ही बशांत सारखेच कोंब, सारखीच तीन बोटांची पानं. एकच वनस्पती! तळमजल्यावरच्या आजींना दाखवलं तर त्या म्हणाल्या, त्यांनीही लहानपणी शाळेत कापसावर क्रेसे उगवलंय आणि पावावर लोणी लावून वर कापून खाल्लंय. आपल्याकडे बाळंतिणीचे लाडू, त्यांच्याकडे पावावरची हिरवळ.

किल्ल्यावर अळीवच का पेरतात, हेही आज प्रथमच नीट कळलं. मोहरी उतारावरून घरंगळून पायथ्याशी गोळा होते. अळीव भिजले की त्यांना बुळबुळीत चिकट आवरण सुटतं आणि बी उभ्या कड्यालाही धरून राहतं. माझ्या आजीने हे कधी समजावून सांगितलं नाही. फक्त "आधी भिजव मग टाक" म्हणायची.

बाहेर थंडीत उगवण लांबेल, म्हणून गोणपाटाच्या तुकड्यांवर पेरून घरात हीटरजवळ ठेवणार आणि उगवलेले तुकडे गडावर अंथरणार. तुकड्यांचे आकार मैत्रिणीने कागदावर कापून घेतलेत.

११ ऑक्टोबर, शनिवार

सांगाडा. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच.

मध्ये बालेकिल्ल्यासाठी उपडी बादली आणि तिच्याभोवती विटा. उत्तरेला पद्मावती माची, पूर्वेकडे सुवेळा, नैर्ऋत्येला संजीवनी. लेकाने फोनमधलं होकायंत्र धरून खडूने रेषा मारल्या. अंगणाचा कोपरा नेमका संजीवनीच्या वाटेत येत होता, म्हणून अख्खा गड वीस सेंटीमीटर सरकवला. खरा गड सरकत नाही, यावर मुलांनी बराच वेळ वाद घातला.

विटांवर दगड, दगडांवर ओलं गोणपाट, त्यावर पेंढा घातलेल्या मातीचा पहिला हात. चारही मुलं कोपरापर्यंत माखलेली. धाकटीला, नाशिककरांच्या चार वर्षांच्या मुलीला, सुरुवातीला हात घालवेना. आईने तिचा हात धरून एकदा चिखलावर आपटला. मग जेवायलाही बाहेर निघायला तयार नाही.

दुपारी तट कोसळायला लागले. सरळ उभी केलेली तटबंदी ओल्या मातीवर टिकेना. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा खिडकीतून बघत होते, ते खाली आले. त्यांच्या घरची उंटरट्युर्कहाइमला द्राक्षबाग होती. शहराभोवतीच्या टेकड्यांवर द्राक्षांच्या पायऱ्या आहेत, आणि त्या धरून ठेवणाऱ्या भिंती नुसत्या दगडावर दगड ठेवून रचलेल्या, चुना-सिमेंट काही नाही. तरुणपणी त्यांनी त्या बांधल्यात आणि दुरुस्तही केल्यात. त्यांनी सांगितलं ते तसंच लिहिते: सगळ्यात मोठा दगड तळाला, दगडाचं लांब टोक डोंगरात, भिंत डोंगराकडे कललेली हवी, सरळ कधीच नाही, आणि पाण्याला बाहेर पडायला फटी ठेवा. पाणी अडलं की भिंत गेली.

मग शेडमधून वाळूच्या दगडाच्या कपच्या आणून ते स्वतःच बसले. संजीवनी माचीची ओळख म्हणजे दुहेरी तटबंदी. बाहेरचा तट, आतला तट, मध्ये अरुंद वाट. बाहेरचा पडला तरी शत्रू त्या बोळात सापडतो. हे आजोबांना सांगायला मला जर्मन शब्द सापडेनात, म्हणून दोन हातांनी दाखवलं. ते चटकन समजले आणि दुसरी रांग रचायला लागले. पाच वाजता संजीवनीचा पहिला टप्पा उभा होता, दुहेरी तटांसकट.

१२ ऑक्टोबर, रविवार

लिंपण, बुरूज, पायऱ्या. पाली दरवाजाच्या पायऱ्या रुंद आणि ऐसपैस हव्यात. त्या लेकाने आगपेटीने दाब देऊन पाडल्या आणि झकास पाडल्या. पद्मावती तळ्यासाठी डब्याचं झाकण पुरलं. गुंजवणे दरवाजा, चोरदरवाजा. पद्मावती माचीवर सईबाईंच्या समाधीचा छोटा चौथरा मी स्वतः केला. तिथे जाऊन बसलेली आहे, म्हणून तो मला दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा नव्हता.

नेढं राहिलंय. सुवेळा माचीवरच्या खडकाला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात, म्हणजे सुईचं भोक. ते नसेल तर राजगड कुणाला पटणार नाही. दोनदा केलं, दोनदा ढासळलं. तिसऱ्यांदा आत तारेची कमान घालून वर माती चढवली. टिकलंय.

जिंजी तिच्या जागी आकार घेतेय: राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी अशा तीन टेकड्या, मधून तटाची साखळी. जिंजीच्या टेकड्या म्हणजे प्रचंड शिळांचे ढीग, म्हणून ती माती जवळजवळ वापरतच नाही. नदीकाठचे गोटे रचते.

संध्याकाळी जिना दोनदा पुसला.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार, वसुबारस

गड वाळला. पाच दिवस लागले. भेगा तीन, त्याही बारीक. त्या पातळ मातीने बुजवल्या.

ऑफिसातून लवकर निघाले. तटांना गेरू लावला. अळिवाचे तुकडे अंथरले आणि कडांवर भिजवलेलं थोडं बी थापलं. भावाने कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून घेतलेले मावळे ऑगस्टमध्ये नाशिककरांच्या बॅगेतून आले होते, एकेका मोज्यात एकेक. वीस निघाले, वीसही धड आले. एका घोड्याचा कान तेवढा उडालाय. महाराज बालेकिल्ल्यावर बसले. सात वाजता काळोखात टॉर्चच्या उजेडात सगळ्यांनी एकदा नुसतं बघून घेतलं. कुणी काही बोललं नाही. मग धाकटीने खाली बसून मोठ्याने विचारलं, "ह्यांना थंडी नाही वाजत?" तिच्या आईने तिथल्या तिथे रुमालाची शाल करून महाराजांच्या मागे टेकवली. ती तशीच राहू दिली आहे.

गायवासराची पूजा अंगणातच, पाटावर रांगोळीने गायवासरू काढून.

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी

फराळाचा दिवस. किल्ल्याला सुट्टी, म्हणून थोडक्यात.

एक शोध मात्र नोंदवण्याजोगा. इथे तयार तूप मिळतं, 'बुटरश्माल्त्स' म्हणून. बेसनाला ते चालतं, पण वास लागत नाही. यंदा आंबवलेल्या सायीचं लोणी (पाकिटावर 'झाउअररामबुटर' लिहिलेलं असतं) दोन किलो आणून घरी कढवलं. विरजणाच्या सायीचं लोणी कढवल्यावर आजीच्या घरात जो वास सुटायचा, तोच सुटला. दीड किलोच्या वर तूप निघालं आणि बेरी मुलांनी साखर घालून संपवली. लाडू चाळीस, चकल्या तीन डबे, पातळ पोह्यांचा चिवडा. चकल्यांच्या वेळी धुराचा गजर वाजू नये म्हणून खिडक्या सताड उघड्या, आम्ही सगळ्याजणी स्वेटर घालून तळतोय.

शेतकऱ्याचा डबा पोचला.

२० ऑक्टोबर, सोमवार, नरकचतुर्दशी

इथे अभ्यंगस्नानाला पहाटे चारचा गजर लावावा लागत नाही. आज सूर्योदय पावणेआठनंतर होता. इमारतीत सकाळी सहापर्यंत शांतता पाळायची असते, म्हणून सहाला पाणी सोडलं. तेल, उटणं, सगळं सावकाश. सात वाजता आंघोळी आटोपून ओल्या केसांनी अंगणात, आणि अजून मिट्ट काळोख. गडावर अकरा पणत्या. शाळेत जायच्या आधी लेकाने चकली खाल्ली, गडाच्या पायरीशी बसून.

तमिळ मैत्रिणीची दीपावळी आजच. तिच्याकडेही पहाटेचं तेलाचं स्नान, आणि सकाळी भेटल्यावर एकमेकांना विचारायचं, "गंगास्नानं आच्चा?" आम्ही जिन्यातच एकमेकींना विचारून घेतलं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार, लक्ष्मीपूजन

पूजा आज की काल, यावर आईशी आठवडाभर बोलणं चाललं होतं. अमावास्या आज संध्याकाळी ५ वाजून ५४ मिनिटांनी संपली, पण ती भारताची वेळ. इथली घड्याळं साडेतीन तास मागे, म्हणजे इथे दुपारी अडीचच्या आतच संपली. इथल्या सूर्यास्ताचा हिशेब धरला तर पूजा कालच हवी होती. आई म्हणाली, "तू तिकडचं पंचांग बघ." मी ठरवलं, घरी ज्या दिवशी दिवा लागतो त्याच दिवशी माझा लागेल. संध्याकाळी व्हिडिओवर आईने सांगितलेल्या क्रमाने पूजा केली. हे बरोबर की चूक, याची मला चिंता वाटत नाही.

फटाक्यांचं काम इथे सोपं आहे. मोठे फटाके फक्त वर्षाच्या शेवटी विकतात आणि ३१ डिसेंबर-१ जानेवारीलाच उडवता येतात. फुलबाज्या मात्र वर्षभर चालतात. मुलांनी गडाच्या तटावर त्यांची रांग लावली.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

सकाळपासून जोराचा वारा आणि आडवा पाऊस. छप्पर वरून आहे, बाजूने नाही. मी ऑफिसात अडकलेली आणि मनात सारखी सुवेळा माची, कारण तीच पावसाच्या तोंडावर होती.

साडेपाचला पोचले तर गडावर हिरवं प्लास्टिक अंथरलेलं, चारी टोकांना कुंड्या ठेवून बांधलेलं. तळमजल्यावरच्या आजींचं काम. त्यांच्या गॅलरीतल्या जिरेनियमच्या कुंड्या होत्या त्या. पंचाहत्तरीच्या बाईने एकेक उचलून अंगणात आणली होती, त्या पावसात. मी आभार मानायला गेले तर म्हणाल्या, "ते छोटे लोक भिजले असते."

तरी सुवेळेचं टोक गेलं. नेढं ढासळलं, तारेची कमान उघडी पडलीय. संजीवनीच्या तटांतून मात्र पाणी वाहून गेलं आणि एक कपची हललेली नाही.

भावाला व्हिडिओवर ओवाळलं. ओवाळून झाल्या झाल्या म्हणाला, "ताई, गड दाखव." पुण्यात रात्रीचे साडेनऊ. मी फोन घेऊन गडाभोवती फिरले. त्याने पाली दरवाजाला मान डोलावली, समाधीपाशी थांबवलं, मग एकदम: "नेढं कुठंय?" पडलं म्हटल्यावर भाच्याला फोनवर बोलावून घेतलं आणि दोघांची वीस मिनिटं गंभीर बैठक झाली. निर्णय: तारेच्या जागी फांदीचं बेचकं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी नेढं चौथ्यांदा बांधलं, जर्दाळूच्या फांदीवर. त्यातून पलीकडची जिंजी दिसते. तसं ठरवलं नव्हतं, पण लेकाने डोळा लावून पाहिलं आणि सगळ्यांना बोलावलं. मैत्रीण गुडघे टेकून बराच वेळ बघत होती. मग तिने विचारलं, राजाराम निघाले तेव्हा किती वर्षांचे होते. एकोणीस, मी सांगितलं. ती म्हणाली, "एकोणीस वर्षांचा मुलगा, इतक्या लांब, भाषा न येणाऱ्या मुलखात." पुढे दोघी काही बोललो नाही. आम्ही दोघी तेविसाव्या वर्षी इथे आलेल्या, ती माझ्या दोन वर्षं आधी.

संध्याकाळी सगळे अंगणात. तीन घरं, इमारतीतली चार, शाळेतली दोन कुटुंबं. फराळ, मिसळ, आणि आजींनी केलेला कांद्याचा केक. तो इथला शरद ऋतूतला पदार्थ, एरवी डुकराचं मांस घालून करतात. त्यांनी आधी विचारून ते वगळलं होतं. द्राक्षबागवाले आजोबा येईल त्याला संजीवनी दाखवत होते, दुहेरी तट का, हे दोन हातांनी समजावत. मी शेजारी उभी राहून ऐकत होते. एक शब्द चुकला नाही.

आजींनी हळूच विचारलं, गडावरचं क्रेसे कापलं तर चालेल का. माझा जीव क्षणभर वर आला. मग कात्री आणून दिली. पद्मावतीवरचं अर्धं अळीव पावावर गेलं. लेक म्हणाला, तिथे आता कापणी झाली.

२६ ऑक्टोबर, रविवार

घड्याळं तासाने मागे गेली. आईशी आता साडेचार तासांचं अंतर. पाचच्या पुढे अंगणात अंधार, म्हणून गडाचे दिवे लवकर लागतात.

२ नोव्हेंबर, रविवार

अट आजची होती. सकाळी कुंडीतल्या तुळशीचं लग्न लावलं. अंतरपाटाला टॉवेल, मंगलाष्टकं नाशिककर काकूंची, फोनवरून. दुपारी गड उतरवला.

लहानपणी आम्ही किल्ला मोडत नसू. पावसाळा येईपर्यंत तो आपोआप झिजायचा. इथे हाताने उतरवायचा होता आणि मुलं रडतील असं वाटलं होतं. पण लेकाने आधी आत काय आहे ते बघायचं ठरवलं. बालेकिल्ल्याची माती काढली, गोणपाट सोललं, विटा दिसल्या, विटांच्या आत उपडी बादली. ती त्यानेच उचलली. आत त्याने कधीतरी कुणालाही न सांगता एक मावळा ठेवला होता. "पहाऱ्याला," म्हणाला.

आजोबांनी कपच्या मोजून परत नेल्या. जिंजीचे गोटे मैत्रिणीकडे, पुढच्या गोलूसाठी. मावळे मोज्यांत गुंडाळून माळ्यावर. माती आजींच्या वाफ्यात घातली, त्यांनीच मागितली. आणली होती नऊ बादल्या, वाफ्यात पडली साडेआठ.

पुढच्या वर्षासाठी: पेंढा जास्त कापून ठेवणे. सुवेळेच्या बाजूला आडोसा आधीच बांधणे. नेढ्याला फांदीच. साल्हेर करायचा असेल तर उन्हाळ्यात भारतात जाऊन आधी चढणे, नाशिककरांनी शब्द दिलाय.

संध्याकाळी अंगण धुतलं, जिना वरपासून खालपर्यंत पुसला, कठड्यासकट. उरलेली अर्धी बादली तिथेच होती, पायऱ्यांच्या कोपऱ्यांत. आठच्या सुमाराला केरवोखंची पाटी आमच्या दारावरून काढली आणि शेजारच्या दाराला लावली.